वाकदचं वाकड आणि मुनीमकाकांची वही

मागच्या रविवारी भाची लॅपटॉप घेऊन घरी आली. इथेच रिसोडला एका संस्थेच्या ऑफिसात ती नोकरी करते. (संस्थेचं नाव लिहीत नाही. गाव लहान आहे आणि पोरीला सोमवारी परत तिथेच जायचं असतं.) तिच्या साहेबांनी फर्मान काढलंय की पुढच्या महिन्यापासून पत्रं, सभेची इतिवृत्तं, मोठमोठ्या फायलींचे गोषवारे हे सगळं एआयकडून करून घ्यायचं. त्यासाठी शहरातून एक मुलगा येऊन दोन तास शिकवूनही गेला. पडद्यावर भराभर काहीतरी दाखवलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, चहा-समोसा झाला आणि मुलगा चारच्या गाडीनं निघून गेला.

"मामा, बटनं समजली मले," ती म्हणाली. "पन हे चुकलं त सही कोनाची राहीन? माहीच ना?"

खरं सांगतो मंडळी, मला पटकन उत्तर देता आलं नाही. वीस वर्षांपेक्षा जास्त काळ मी या गावात लोकांना कॉम्प्युटर शिकवतोय आणि हा प्रश्न मला इतक्या सरळ शब्दांत कोणी विचारला नव्हता. एकानं विचारला होता, पण त्याच्या पद्धतीनं. आणि तेव्हा मला तो ऐकू आला नव्हता. त्याबद्दलच आज लिहायचंय.

आधी थोडी मागची हकिगत. वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. नवा जिल्हा, नवी कार्यालयं, आणि जिकडेतिकडे कॉम्प्युटरचं वारं. त्यानंतर काही वर्षांनी मी चार जुने कॉम्प्युटर घेऊन क्लास काढला. बॅचची वेळ आमच्या सोयीनं ठरायची नाही, लोडशेडिंगच्या सोयीनं ठरायची. ते एमएस-सीआयटीचे दिवस. सरकारी नोकरांना कॉम्प्युटरची परीक्षा पास होणं सक्तीचं झालं, वेतनवाढीशी जोडलं गेलं, आणि रिटायर व्हायला तीन-चार वर्षं उरलेले गुरुजी आमच्याकडे येऊन बसायला लागले. माउस हातात धरला की हात थरथरायचा. चाळीस वर्षं पोरांना दरडावलेला माणूस मला हळूच विचारायचा, "सर, हे दाबलं तर काही उडणार तर नाही ना?"

त्यात मराठी फाँटची भानगड निराळीच. एका मशीनवर श्रीलिपीत टाइप केलेलं पत्र दुसऱ्या मशीनवर उघडलं की नुसती खडीसाखर सांडल्यासारखी चिन्हं! युनिकोड रुळेपर्यंत अर्धं आयुष्य त्यात गेलं. असो.

तेव्हा माझी अशी पक्की समजूत होती की लोक मशीनला घाबरतात. भीती गेली की झालं. म्हणून मी विनोद करायचो, पाठीवर थाप मारायचो, "काही होत नाही हो, दाबा बिनधास्त" म्हणायचो. लोक शिकायचेसुद्धा. पण परीक्षा पास झालेले कितीतरी जण ऑफिसात परत हातानंच काम करायचे. मला वाटायचं, आळस. दुसरं काय?

२००६ साली गावातल्या एका पतसंस्थेनं कॉम्प्युटर घेतला. जुन्या खातेवह्यांमधल्या शिलकी नव्या सॉफ्टवेअरमध्ये भरून द्यायचं काम मला मिळालं. तिथे एक मुनीम होते. त्यांना आपण मुनीमकाका म्हणू. त्यांची एक लांबट लाल कापडी बांधणीची वही होती. रोज संध्याकाळी शटर अर्धं ओढून ते त्या वहीत रोजमेळ घालायचे. जमा इकडे, नावे तिकडे, आणि प्रत्येक रकमेसमोर लाल पेन्सिलीची बारीक टिक. मेळ बसला नाही तर घरी जायचे नाहीत, मग पन्नास पैशांचा फरक का असेना.

सॉफ्टवेअर चालू झालं आणि आम्ही ती वही बंद करायला लावली. आम्ही म्हणजे मी आणि मॅनेजर. "काका, आता कशाला डबल काम? कॉम्प्युटर मेळ घालतो ना." ते नाही म्हणाले नाहीत. दोन-तीनदा नुसतं म्हणाले, "राहू द्या ना, मह्या मनाचं समाधान." आम्ही हसलो.

दोन महिन्यांनी एक म्हातारे खातेदार आले. पासबुकात १८४० रुपये कमी. मॅनेजरनं स्क्रीन पाहिली, स्क्रीन म्हणत होती एवढीच शिल्लक. कॉम्प्युटर तर चुकत नाही, मग चूक काउंटरवरच्या माणसाची. व्हाउचरवर सही मुनीमकाकांची. बोलाबोली झाली आणि काकांनी ते पैसे खिशातून भरले. दिवाळीनंतर त्यांनी तब्येतीचं कारण सांगून नोकरी सोडली.

मार्चमध्ये दुसऱ्याच कामासाठी मी माझ्या जुन्या याद्या चाळत होतो तेव्हा सापडलं. आजोबा आणि नातू, दोघांचं नाव तेच, आडनाव तेच, गाव तेच. आजोबांची एक ठेव मी नातवाच्या खात्यावर भरली होती. चूक माझी होती. पहिल्या दिवसापासून माझी.

मॅनेजरला सांगितलं, दुरुस्ती झाली, काकांचे पैसे परत गेले. मी त्यांच्या घरी माफी मागायला गेलो. ते ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. रागावले नाहीत. म्हणाले, "मशीन चुकली त्याचं मले काही नाही पोरा. मीबी चुकत होतो. पन माही चूक मले सापडत होती. हे मी कोठी शोधू, तूच सांग."

मी घरी आलो आणि दुसऱ्या दिवशीपासून परत तेच शिकवायला लागलो. माणूस असा असतो. ते वाक्य माझ्यापर्यंत पोचायला बरीच वर्षं गेली.

आज माझं मत असं झालंय. कामावरची माणसं नव्या यंत्राला नाही म्हणतात ती बहुतेक वेळा यंत्र अवघड असतं म्हणून नाही म्हणत. यंत्राची चूक आपल्याला सापडणार नाही आणि सापडली नाही तरी ती आपल्याच माथी बसणार, हे त्यांना कळलेलं असतं. आपण त्यांना बटणं शिकवतो, आणि त्यांना हवी असते ती लाल वही. मग आपण म्हणतो, लोक बदलायला तयार नाहीत!

हे फक्त आमच्या पतसंस्थेतलं रडगाणं नाही बरं का. इंग्लंडच्या पोस्ट खात्यात १९९९ पासून होरायझन नावाचं सॉफ्टवेअर बसवलं गेलं. गावोगावच्या छोट्या पोस्टमास्तरांच्या हिशेबात तूट दिसायला लागली. माणसं सांगत होती की आम्ही पैसे घेतले नाहीत, यंत्रात काहीतरी गडबड आहे. पण कोर्टात कॉम्प्युटर बरोबर चालला असंच गृहीत धरलं जायचं. २०१५ पर्यंत ९०० हून जास्त माणसं दोषी ठरली. कोणी तुरुंगात गेलं, कोणी घरदार विकलं, काहींनी जीव दिला. २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं सॉफ्टवेअरमधले दोष मान्य केले आणि २०२४ मध्ये तिथल्या संसदेला या शिक्षा रद्द करण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. ते सगळं वाचताना मला ती ओसरी आठवत होती. आमचे काका १८४० रुपयांवर सुटले, एवढाच फरक.

आपल्याकडेही बघा. २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत केले. टीव्हीवर बघून आमच्याकडे कोणीतरी म्हणालं, "यांना शिकायलाच नको." अहो, त्या आपल्या स्वतःच्या मोबाइलवर सगळं करतात! तक्रार अशी होती की दिलेला फोन सारखा बंद पडतो, दुरुस्तीचा भुर्दंड आपल्यावर येतो आणि पोषण ट्रॅकरमध्ये माहिती इंग्रजीत भरायला लागते. जी भाषा नीट वाचता येत नाही त्या भाषेत भरलेल्या माहितीला जबाबदार राहायचं. तुम्ही-आम्ही राहिलो असतो का?

उलट एक गोष्ट आपल्याच राज्यात झाली, तिचं कौतुक मला फार वाटतं. सातबारा कॉम्प्युटरवर आणताना हातानं लिहिलेल्या जुन्या उताऱ्यांवरून माहिती भरली गेली, आणि अर्थातच त्यात चुका झाल्या. नाव चुकलं, क्षेत्र चुकलं, कुठे हिस्सेदारच गळाला. तेव्हा २०१७ मध्ये चावडी वाचनाची मोहीम निघाली. तलाठ्यानं (२०२४ पासून त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) गावात बसायचं, कॉम्प्युटरमधला उतारा मोठ्यानं वाचायचा, आणि ज्याचं शेत त्यानं ऐकून सांगायचं की बरोबर आहे की चूक. डिजिटल सहीचे सातबारे त्यानंतर, १ मे २०१८ ला सुरू झाले. म्हणजे आधी वाचन, मग सही. सगळ्या गावांत हे सारखं नीट झालं असं मी म्हणणार नाही. सातबाऱ्यातल्या चुका दुरुस्त करून घ्यायला आजही माणसं तहसीलच्या पायऱ्या झिजवतात. पण कल्पना पाहा किती साधी आणि किती शहाणी! ज्याला खरं काय ते माहीत आहे त्याच्यासमोर यंत्राचं म्हणणं वाचून दाखवायचं, आणि चूक म्हणायचा अधिकार त्याला द्यायचा.

तर आता भाचीकडे येतो.

तिला मी पहिल्या दिवशी एकही नवीन पत्र करू दिलं नाही. म्हटलं, तुझ्या हातची एखादी जुनी फाइल काढ, जिचं पान अन् पान तुला पाठ आहे. तिनं मागच्या वर्षीच्या एका सभेचं इतिवृत्त काढलं. सभासदांची नावं आणि खात्यांचे नंबर आधी खोडले. (हे फार महत्त्वाचं. दुसऱ्याचा आधार नंबर, खाते नंबर, दवाखान्याचे कागद असल्या ठिकाणी टाकायचे नसतात. लोकांच्या माहितीबद्दल २०२३ चा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी ती आपली माहिती नव्हे.) मग ते मशीनला दिलं आणि सांगितलं, गोषवारा कर.

अर्ध्या मिनिटात झकास मराठीत गोषवारा आला. पहिल्या नजरेत मीसुद्धा वाहवा म्हणालो. ती मात्र वाचत बसली, आणि एकदम हसायलाच लागली. आमच्या तालुक्यातल्या वाकदचं मशीननं वाकड करून टाकलं होतं, ते पुण्याचं! वाकदचे सभासद एका ओळीत पुण्याला जाऊन बसले. पुढे बघितलं तर तहकूब झालेला एक ठराव "मंजूर" झाला होता. सात रकमांची बेरीज चुकली होती. आणि शेवटी लिहिलं होतं, "उपस्थितांचे आभार मानून सभा संपली."

"मामा, त्या दिवशी सभा भांडनातच मोडली होती. आभार कोनीच कोनाचे मानले नोहते!"

बस्स, इथून खरं शिकणं सुरू झालं. मी तिला सांगितलं, हे मशीन तुझ्या फाइलमधून उत्तर शोधून आणतं असं समजू नको. ढीगभर मजकूर वाचून, कशानंतर बहुधा काय येतं याचा अंदाज बांधत ते लिहितं. सभांच्या शेवटी बहुधा आभार असतात, म्हणून त्यानं आभार मानले. वाकद कमी वेळा लिहिलं जातं, वाकड जास्त, म्हणून वाकड आलं. बेरीज हा त्याचा धंदाच नव्हे, ती एक्सेलला करू दे. जिथे "बहुधा" चालतं तिथे याला लाव. जिथे "नेमकं" लागतं तिथे तू बस. हे तिला व्याख्यान देऊन समजलं नसतं. स्वतः चार चुका पकडल्यावर पाच मिनिटांत समजलं. आणि चेहरा पण बदलला. मघाशी ती मशीनसमोर परीक्षेला बसल्यासारखी बसली होती, आता परीक्षक झाली होती.

मोठमोठ्या माणसांनाही हे महागात पडलंय. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीनं दिलेले जुन्या खटल्यांचे दाखले न तपासता कोर्टात दिले. ते खटले कधी झालेच नव्हते. त्यांना ५००० डॉलर दंड झाला. शिकलेसवरलेले वकील हो! कमी पडली ती लाल पेन्सिल.

दुसऱ्या रविवारी तिला एक शंभर पानी वही आणून दिली. डावीकडे लिहायचं, मशीनला काय काम दिलं. उजवीकडे, ते कुठे चुकलं. दोन-तीन आठवड्यांत तुलाच दिसेल की कुठल्या कामात ते भरवशाचं आहे. इंग्रजी परिपत्रक मराठीत समजून घ्यायला त्याचा खरंच फायदा होतो, पत्राचा पहिला कच्चा मसुदा छान निघतो. गावांची नावं, आकडे, ठराव, तारखा, इथे डोळे मिटून चालायचं नाही.

आता कोणी म्हणेल (आमचा पुण्याचा भाऊ तर नक्कीच म्हणेल), की प्रत्येक ओळ तपासायची तर मग वेळ कसला वाचला? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की पहिले काही आठवडे वेळ वाचणारच नाही, उलट जास्त लागेल. हे साहेबांनी आधीच कबूल करायला हवं. आणि एखाद्या कामात करण्यापेक्षा तपासायलाच जास्त वेळ लागत असेल तर ते काम हातानंच करावं, त्यात कमीपणा काही नाही. गाडी आहे म्हणून कोणी स्वयंपाकघरातून देवघरात गाडीनं जात नाही. पण तपासायचा वेळ कापून मिळवलेला वेग हा वेग नव्हे, ती उधारी आहे. फेडायची वेळ आली की समोर उभी राहते ती व्हाउचरवर सही असलेली पोरगी, फर्मान काढणारा साहेब नाही आणि चारच्या गाडीनं गेलेला मुलगा तर नाहीच नाही.

हे सगळं शेतापर्यंत येऊन पोचलंय म्हणून जास्त काळजी वाटते. २०२५ च्या जूनमध्ये राज्यानं शेतीतल्या एआयसाठी धोरण मंजूर केलं, पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये. कृषी विभागाचं महाविस्तार-एआय हे ॲपही त्याच वर्षी आलं, मराठीत प्रश्न विचारता येतात. चांगलीच गोष्ट आहे. पण आमच्याकडच्या सोयाबीनवाल्याला कोणी ते दाखवायला बसलं, तर माझी एक विनंती आहे. पहिला प्रश्न त्याच्या मागच्या वर्षीच्या पिकाबद्दल विचारायला लावा, ज्याचं उत्तर त्याला माहीत आहे. कुठली कीड आली होती, काय फवारलं, काय झालं. यंत्राचं उत्तर त्यानं स्वतः पारखू द्या. मग यंदाच्या शेताचं विचारा. २०२१ च्या १५ ऑगस्टला ई-पीक पाहणी आली तेव्हाही बांधावर उभं राहून ॲप उघडून देणारा गावातलाच कोणीतरी पोरगा जास्त कामाला आला, कारण अडलं की तो दुसऱ्या दिवशीही पारावर भेटत होता. शिकवणारा माणूस दुसऱ्या दिवशी भेटला पाहिजे, हे मी कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा महत्त्वाचं मानतो.

भाचीनं परवा साहेबांना विचारलं म्हणे, की प्रत्येक गोषवाऱ्यामागे तपासायला अर्धा तास धरा आणि तसं ऑर्डरमध्ये लिहून द्या. साहेब म्हणाले, "बघू." म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे. पण मला तिचा अभिमान वाटला. ताई, तू हे वाचशीलच, तर पोरीला "नोकरीत फार बोलू नये" असलं काही शिकवू नकोस, ती बरोबर बोलली.

मुनीमकाका आता नाहीत. ती लाल वही कुठे गेली देव जाणे, बहुधा रद्दीत. त्या दिवशी ओसरीवर त्यांनी मला जे विचारलं त्याचं उत्तर मी वीस वर्षं उशिरानं, आणि दुसऱ्याच कोणाला तरी, शंभर पानी वहीच्या रूपानं दिलं. उशीर झाला खरा.

तुमच्या ऑफिसात हे एआय प्रकरण आलं असेल, तर एक कळवा. तुम्हाला आधी बटण दाखवलं, की त्याची चूक? आणि सही कोणाची असते?